अर्ध्या उत्तरांचा उन्हाळा

शाळा सकाळच्या झाल्या की आमच्या वर्ध्याच्या गल्लीत दुपारचा एक ठरलेला आवाज सुरू होतो. पंखे घरघरत असतात, मोठी माणसं आडवी झालेली असतात, आणि कुठल्या ना कुठल्या खिडकीतून एखादं लेकरू सूत्रं घोकत असतं. यंदा तो आवाज आमच्याच घरातून येतो आहे. नात अकरावीला आहे. काल तिनं पुस्तक आपटलं आणि मला म्हणाली, "आजी, एका गणिताला दोन-दोन उत्तरं कशाला गं लागतात? एकात भागत नाही का?" मी आधी हसले. हाच प्रश्न मला फार वर्षांपूर्वी पंचेचाळीशी उलटलेल्या एका माणसानं विचारला होता, आणि तोही दारापलीकडून, दुसऱ्याच्या तोंडून.

गणिताला घाबरणाऱ्या माणसांचा मला कधी राग आला नाही. गणित येतं म्हणून मिरवणाऱ्यांचा मात्र येतो. पुस्तकाच्या शेवटी उत्तर पाहून आधीच पेन्सिलीनं लिहून ठेवणाऱ्यांचा तर फारच. नातीला मी म्हटलं, आधी पाणी पी, मग सांगते. ती पाणी प्यायला गेली ती मोबाईल घेऊन बसली. मी मात्र माझ्या सासरी, अल्लीपूरच्या घराच्या छपरीत, म्हणजे पुढच्या ओसरीत जाऊन पोचले होते.

पन्नासनंतरची ती वर्षं. आपला जिल्हा तेव्हा मध्य प्रदेशात होता. माझे वडील वर्ध्याच्या कचेरीत कारकून. मुलीच्या जातीला इंटर सायन्स कशाला, असं साऱ्या नातलगांनी विचारून घेतलं, तरी त्यांनी मला शिकवलं. परीक्षा झाली, पास झाले आणि लग्न होऊन अल्लीपूरला आले. नवरा हिंगणघाटला नोकरीला, रविवारी तेवढा यायचा. घरात सासू, सासरे आणि मी. थोडी शेती होती, ती सासूबाई पाहायच्या. सासरे गावच्या शाळेत मास्तर. सासूला मी आत्याबाई म्हणायची आणि सासऱ्यांना मामाजी. म्हणायची म्हणजे मनातल्या मनात. कारण सुनेनं सासऱ्यांशी बोलायची आमच्या घरी चाल नव्हती.

आताच्या मुलींना हे सांगितलं की त्यांना वाटतं, भांडण असेल. भांडण कसलं! डोक्यावर पदर घ्यायचा, त्यांच्यासमोर उभं राहायचं नाही आणि सांगायचं ते आत्याबाईंमार्फत सांगायचं, एवढंच. आत्याबाई शेतात गेलेल्या असल्या तर गोठ्यातल्या गाईला सांगायचं. "गाई, आंघोळीचं पाणी तापलं गं." मामाजी ते ऐकायचे आणि उठायचे. गाईला ह्या घरातली जेवढी खबर होती तेवढी कुणालाच नसेल. मला ह्याचा जाच वाटायचा का? वाटायचा थोडा. कॉलेजात मुलांच्या वर्गात मी फळ्यावर उदाहरणं सोडवली होती, आणि इथं मी गाईशी बोलत होते.

त्या वर्षी गावात नववीचा वर्ग उघडायचं ठरलं होतं. मामाजींनी आठवीपर्यंतचं गणित कितीतरी वर्षं शिकवलं होतं. अर्धं गाव त्यांच्या हाताखाली त्रैराशिक शिकलं होतं. पण नववीला इंटर पास माणूस हवा, असं वरून आलं. मामाजी मॅट्रिक. आदल्या साली ते बाहेरून इंटरला बसले होते. सगळ्या विषयांत निघाले आणि गणितात राहिले. आता ह्या वर्षी निघाले नाहीत तर नववीला बाहेरचा माणूस येणार, आणि मामाजी खालच्या वर्गात पाढे घेत बसणार. पारावरची माणसं त्यांना चिडवायची नाहीत. "होते मास्तर, होते असं," म्हणून समजूत घालायची. मामाजींना नेमकी ती समजूतच लागायची.

तर होळीच्या आधी एका दुपारी आत्याबाई स्वयंपाकघरात आल्या आणि हळूच म्हणाल्या, "काय वं, ते विचारून राह्यले. तुले ते उभ्या रेघाईचं गणित येते का?"

येत होतं. अगदी चांगलं येत होतं.

मग आमची शाळा भरू लागली. मामाजी सकाळची शाळा आटोपून यायचे, जेवायचे आणि छपरीत खाटेवर पाटी घेऊन बसायचे. मी माजघरात, दाराच्या आड. मधे आत्याबाई. कापूस अजून विकायला जायचा होता, शेवटच्या वेच्याचा ढीग माजघराच्या एका अंगाला पार आढ्यापर्यंत गेला होता. दुपारच्या तापात त्या ढिगाला सरकीचा एक तेलकट, उबट वास यायचा आणि तंतू घामाला चिकटून मान खाजायची. तो वास आणि असमतेची चिन्हं माझ्या डोक्यात अशी काही एकत्र बसली आहेत की अजूनही 'क्ष पेक्षा लहान' असं कुठं दिसलं की माझा हात आपोआप मानेकडे जातो.

आमची पद्धत अशी. मामाजी पाटीवर उदाहरण सोडवणार. आत्याबाई पाटी आत आणणार. मी बघणार आणि तोंडी सांगणार. पाटीवर मी खूण करायची नाही. सासऱ्यांच्या अक्षरावर सुनेनं काट मारायची, हे आत्याबाईंनाच काय, मलाही जमलं नसतं. शिवाय माझे हात शेवयांच्या पिठात असायचे. माझं बोलणं आत्याबाई बाहेर नेणार, पाटी पुसली जाणार आणि पुढचं उदाहरण. आत्याबाईंना अक्षरओळख नव्हती, पण निरोप नेण्यात त्यांचा हात कुणी धरला नसता.

पहिला गोंधळ झाला तो असमतेत. दोन्ही बाजूंना उणे संख्येनं गुणलं की चिन्ह उलटतं, हे मामाजींना पटेना. बरोबरच आहे, पाठ करून ते पटतच नाही. मी विचार केला आणि म्हटलं, "आत्याबाई, त्याहीले म्हना, कापसाच्या गाड्या रांगेनं हिंगणघाटले चालल्या. पुढची पुढं, मागची मागं. मंधातच साऱ्याइनं गाड्या जागच्या जागी उलट्या फिरवल्या, तं पुढं कोन राह्यन?"

आत्याबाई बाहेर गेल्या. "अवो, सूनबाई म्हंते, गाड्या उलट्या फिरवल्या तं मांगची गाडी पुढं येते. तसंच हाये ते चिन्ह."

"कोनाच्या गाड्या?" मामाजींचा आवाज आला.

"आपल्याच. कापसाच्या."

 मग पाटीवर पेन्सिल भराभर कुरकुरली. त्यानंतर ते चिन्ह त्यांनी कधी चुकवलं नाही.

मला फार आनंद झाला. शिकवण्याचा आनंद पहिल्यांदा मला तिथं कळला, कापसाच्या ढिगाला पाठ टेकून, पिठाच्या हातांनी.

मग आलं केवल मूल्य. त्या दोन उभ्या रेघा. आत उणे पाच घाला की अधिक पाच, बाहेर पाचच येणार, कारण त्या फक्त अंतर मोजतात, दिशा विचारत नाहीत. मी आत्याबाईंना म्हटलं, आपल्या वेशीपासून पाच कोसांवर कोणतं गाव आहे, विचारा. एक उगवतीकडं असेल, एक मावळतीकडं. अंतर एकच, गावं दोन. म्हणून उत्तरं दोन.

आत्याबाईंनी निरोप नेण्याआधी क्षणभर विचार केला. "उगवतीकडं माहं माहेर हाये. मावळतीकडं माह्या नंदेचं सासर." आणि मग डोळे मिचकावून म्हणाल्या, "पण पाय तं एकाच गावाकडं वळते ना वं!"

आम्ही दोघी इतक्या हसलो की बाहेरून मामाजी खाकरले.

हसलो खरं, पण गाडं तिथंच अडलं. 'क्ष वजा तीनचं केवल मूल्य पाच' असं दिलं की मामाजी क्ष बरोबर आठ लिहायचे आणि थांबायचे. उणे दोन लिहायचेच नाहीत. उणे उत्तर आलं म्हणजे आपल्या हातून काही बिघडलं, असंच त्यांना वाटत असावं. मी आत्याबाईंना सांगायची, "अर्धंच झालं, दुसरं उत्तर राह्यलं." एकदा आत्याबाईंनी त्यांचा प्रश्नच आत आणून दिला, "एकानं भागत नाई का?" आणि मी "नाई भागत" म्हणून धाडलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. त्रिकोणमितीला लागलो तरी तेच. साइन बरोबर एक द्वितीयांश म्हटलं की तीस अंश लिहून मोकळे. मी निंबाच्या सावलीचा निरोप पाठवला. सूर्य सकाळी जेवढा वर असतो तेवढाच तो उतरतानाही एकदा असतो, तीसला आणि मग दीडशेला. दाखला त्यांना आवडला, असं आत्याबाई म्हणाल्या. पण पाटीवर पुन्हा तीस. एकटा, बिचारा तीस.

खरं सांगते, मी मनातून वैतागले. एवढा शहाणा माणूस, आणि ह्या एका गोष्टीत इतका हट्टी कसा? शेवया वळताना मी दातओठ खायची. परीक्षा तोंडावर आलेली. मला रात्री स्वप्नात एकशे पन्नास दिसायचे. आणि बाहेर छपरीत मामाजी मोठ्या खुशीत होते. जेवताना दोन घास जास्त घेत होते. त्यांचा आवाज शाळेतल्यासारखा खणखणीत झाला होता. मला ह्या खुशीचा अर्थच लागत नव्हता.

मग ते परीक्षेचं प्रवेशपत्र आणायला वर्ध्याला गेले.

संध्याकाळच्या मोटारीनं परत आले. आत्याबाईंनी पाण्याचा गडवा पुढं केला, तो त्यांनी घेतला आणि न पिता तसाच खाली ठेवला. खाटेवर बसले. निंबाची पानं गळत होती त्या दिवसांत, अंगणभर पिवळा सडा. त्याकडे बघत म्हणाले, "सूनबाईले विचार, तिनं मले बरोबर हाये म्हून काऊन सांगतलं?"

मी दाराआड उभी होते. 

मग त्यांनी सगळं सांगितलं. कॉलेजच्या व्हरांड्यात आणखी काही मास्तर प्रवेशपत्रासाठी आले होते. बोलता बोलता उदाहरणं निघाली. बाकीच्यांची सगळ्यांची उत्तरं दोन-दोन, मामाजींचं एक. ते म्हणाले, तुमची चूक. मामाजी म्हणाले, तुमची. वाद वाढला. शेवटी गणिताचे एक प्राध्यापक तिथून चालले होते, त्यांना थांबवून विचारलं. त्यांनी पाहिलं आणि म्हणाले, "मास्तर, तुमची सगळीच उत्तरं अर्धी आहेत."

"चुकलो, त्याचं मले काई नाई," मामाजी म्हणाले. "पण मी साऱ्याइपुढं म्हंटलं ना, माही सून इंटर सायन्स हाये. ती बरोबर म्हंते, तं ते बरोबरच हाये. तिच्या नावावर भांडलो मी. ते हासले तं मले माह्यं नाई लागलं, तिचं लागलं."

मला बोलता येत नव्हतं. चाल आड येत होती, आणि त्याहून मोठी अडचण ही की बोलले असते तर मी निर्दोष सुटले असते आणि आत्याबाई सापडल्या असत्या. त्या क्षणी मला सगळं उमगलं होतं.

आत्याबाई खाली बसल्या होत्या, तुरीचं सूप मांडीवर. सूप बाजूला ठेवून म्हणाल्या, "तिचं नाव घेऊ नका. तिनं रोज सांगतलं, अर्धं राह्यलं म्हून. म्याच नाई सांगतलं तुमाले."

"काऊन?"

"काऊन म्हंजे? मांगच्या साली तुमी नापास झालते, तवा ताटावरून उठून गेलते. पोराइसंग डोकं लावून घरी येता, अन् मी तुमाले चुकलं म्हनू? आजलोग म्हंटलं का कधी? म्या तिले विचारो, यातलं काई तं बरोबर हाये का? ती म्हने, अर्धं हाये. मंग तेवढंच सांगो मी. बरोबर हाये म्हंते, एकानं भागते म्हंते."

आज लिहिताना मला हसू येतं. आत्याबाई म्हणजे त्या दोन उभ्या रेघाच होत्या. आत काहीही उणं गेलं तरी त्यांच्यातून ते अधिकच होऊन बाहेर पडणार. पण त्या दिवशी कोण हसतंय? मला त्यांचा राग यायला हवा होता. आला नाही. रडू आलं. संसाराची एवढी वर्षं ह्या बाईनं एका माणसाला एकदाही चुकलं म्हटलं नव्हतं, आणि ती माया आता त्याच्याच मुळावर आली होती.

 मामाजी गडवा उचलून पाणी प्यायले. "परीक्षेले बी तूच येशीन का तपासाले?" असं म्हणाले. आवाजात राग नव्हता. आत्याबाई सूप पाखडू लागल्या, जरा जास्तच जोरात.

आणि मग ते दाराकडे बघून म्हणाले, "सूनबाई."

मला वाटलं, आत्याबाईंनाच सांगताहेत. पण त्यांनी पुन्हा म्हटलं, "सूनबाई, बाहेर येजो. पाटी घेऊन येजो."

मी आत्याबाईंकडे पाहिलं. त्यांनी मान न वर करता म्हटलं, "जाय."

उंबरा ओलांडायला कितीसा वेळ लागतो! मला तेव्हा फार वेळ लागला. पदर पुढं ओढून मी खाटेपासून हातभर अंतरावर बसले, अर्धी पाठ फिरवून. मामाजींनी पाटीवर कोसाइन बरोबर एक द्वितीयांश लिहिलं. खाली साठ अंश लिहिले आणि पेन्सिल ठेवली. पाटी माझ्याकडे सरकवली. 

"चुकलं, मामाजी," मी म्हटलं.

सासऱ्यांशी बोललेला माझा पहिला शब्द हा. कुठल्या सुनेचं असं झालं असेल?

"कोठं?"

"चौथ्या चरनात. तीनशे राह्यले."

त्यांनी साठच्या शेजारी तीनशे लिहिले. बघत राहिले. मग विचारला तो तोच प्रश्न, जो आधी आत्याबाईंनी आत आणून दिला होता. "एकानं भागत नाई का, बाई?" पण ह्या वेळी तो मला विचारला होता, आणि मला उत्तर देता आलं. मी म्हटलं, दोन्ही ठिकाणी ते खरं ठरतं, म्हणून दोन्ही लिहायची. एक लिहिलं तर दुसऱ्यावर अन्याय होतो. त्यांनी मान हलवली. "हे तं शाळेत मी पोराइले रोज सांगतो," म्हणाले, "गणितात नाई, पण सांगतो."

त्यानंतरचे दिवस कसे गेले ते नीट आठवत नाही. आठवतं ते एवढंच की ऊन वाढत होतं, कापसाचा ढीग गाडीत भरून गेला होता, माजघर एकाएकी मोठं वाटत होतं आणि मी दिवसभर 'चुकलं' म्हणत होते. चुकलं, मामाजी. इथं खालची बाजू राहिली, उणे दोनच्या वर पाहिजे. चुकलं. आता बरोबर. नाही, पुन्हा चुकलं. आत्याबाई प्रत्येक 'चुकलं'ला दचकायच्या. मग दचकणं कमी झालं. विहिरीवर बायका म्हणाल्या, "मास्तरच्या घरी सून सासऱ्याले शिकवून राह्यली म्हंते, खरं का वं?" मला वाटलं, आता आत्याबाई मान खाली घालतील. त्या घागर डोक्यावर घेत म्हणाल्या, "येते तिले, तं शिकवन नाई का?"

परीक्षा झाली त्या दिवशी मामाजी उन्हानं काळवंडून आले. मी दारात उभी होते. विचारायचं माझ्या ओठांवर होतं, पण माझ्याआधी आत्याबाईंनीच विचारलं, "दुसरं उत्तर लिवलं का साऱ्या जागी?"

"एका जागी राह्यलं," मामाजी म्हणाले. "वेळ सरलता."

"मंग तेवढं चुकलं तुमचं," आत्याबाई म्हणाल्या आणि पाणी आणायला आत गेल्या. मामाजी त्यांच्या पाठमोऱ्या लुगड्याकडे नवल केल्यासारखं बघत राहिले.

नातीला मी हे सगळं सांगितलं तर ती म्हणेल, आजी, एवढ्यानं काय होतं? मला तिला सांगता येणार नाही. ज्या घरात प्रत्येक गोष्ट बरोबरच असते, त्या घरात 'बरोबर' ह्या शब्दाला काही वजनच उरत नाही, हे कळायला मला एक उन्हाळा लागला, आणि तिचं वय अजून सोळाच आहे.

निकाल लागला तेव्हा आभाळ भरून आलं होतं, पण पाऊस नव्हता, नुसता उकाडा. दुपारच्या मोटारीनं हिंगणघाटहून वर्तमानपत्र आलं. छपरीत चार माणसं जमली होती. मामाजींनी चष्मा लावला, बोट फिरवत फिरवत एका जागी थांबले.  माणसं विचारू लागली, "काय झालं मास्तर?" ते उठले, माणसांच्या मधून वाट काढत माजघराच्या दारापाशी आले आणि पेपर माझ्यापुढं धरला. त्यांचं बोट अजून तिथंच होतं.

"पाय बरं, सूनबाई. माहा नंबर हाच हाये ना? का चुकून राह्यलो मी?"

"हाच असन, बरोबरच असन," आत्याबाई मागून म्हणाल्या.

"तू नोको सांगू," मामाजी म्हणाले. "तिले सांगू दे."

मी त्यांच्या दुसऱ्या हातातून प्रवेशपत्र घेतलं. पेपरातल्या नंबराशी एकेक आकडा लावून पाहिला.  पुन्हा एकदा पाहिला, कारण मला ठाऊक होतं की आता मी जे म्हणेन तेच ते धरणार आहेत.

"बरोबर हाये, मामाजी," मी म्हटलं.

तेव्हा ते तिथंच उंबऱ्यावर बसले, आणि गावासमोर, बायकोसमोर, सुनेसमोर, शेल्यात तोंड घालून रडले.